गुलामांचा बाजार आपल्या किनाऱ्यावरही होता

गुलाम व्यापार स्मरणदिनानिमित्त (२३ ऑगस्ट) आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे. पण हा सगळा व्यवहार अटलांटिकपुरताच होता, असा समज त्यातून होतो. हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार त्याहून कितीतरी जुना, आणि त्याची गिऱ्हाइके आपल्याकडेही होती. मलिक अंबर आपल्याला ठाऊक असतो तो निजामशाहीचा मुत्सद्दी म्हणून. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा हातोहात विकला जात दख्खनला पोहोचला, हे तळटीपेत जाते. गोव्यात पोर्तुगिजांच्या घरी मोझांबिकहून आणलेले गुलाम राबत.

आम्हा नाशिककरांना तर लांब जायला नको. ज्या शरणपूर रोडवर आम्ही रोज सिग्नलला खोळंबतो, तिथल्या मिशनच्या वसाहतीत ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले राहत, शिकत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरले ते यानेच. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे चर्चमधल्या त्यांच्या दफनविधीलाही तो होता. पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा गुलामबाजार बंद झाला तोही १८७३ मध्येच.

लेखाचा पुढचा भाग निघणार असेल, तर लेखकाने एकदा शरणपूरला चक्कर मारावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक