मंत्रिमहोदय, पेरणीआधी बोला

मा. कृषिमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

भाव पडले की मदत जाहीर होते, चढले की निर्यात रोखली जाते. दोन्ही वेळा उशीर झालेला असतो. भावाचा निम्मा निकाल पेरणीच्या दिवसांतच लागलेला असतो.

एकदा लिलावात ढिगाजवळ उभे राहून पाहा. व्यापारी ओंजळभर दाणे हातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाताखाली फोडतो. पण त्याचे लक्ष मागे लागलेल्या गाड्यांच्या रांगेवर असते. आवक जास्त दिसली की पहिली बोलीच खालून लागते. माल परत न्यायचा तर भाडे पुन्हा भरा. शिवाय देणी डोक्यावर. शेतकरी मान डोलावतो. सुगीत सगळ्यांचा माल एकदम येतो आणि पैशाची नडही सगळ्यांना एकदमच असते.

पीक दहा टक्के वाढले म्हणून भाव दहा टक्केच उतरतो असे नाही. धान्य स्वस्त झाले म्हणून कुणी दुप्पट जेवत नाही, महागले म्हणून उपाशीही राहत नाही. म्हणून थोडी कमी-जास्त आवकही भावाला मोठा हिसका देते. इंग्रज अर्थतज्ज्ञ चार्ल्स डॅव्हेनंट यांनी १६९९ साली इंग्लंडच्या धान्याबद्दल अंदाज मांडला होता: पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशांनी चढतो. अतिरिक्त पिकाच्या वर्षी हाच हिसका शेतकऱ्याच्या अंगावर येतो.

मग यंदाचा चढा भाव बघून सगळे तेच पेरतात, पुढच्या सुगीत भाव कोसळतो, त्याच्या पुढच्या वर्षी पेरा आटतो आणि पुन्हा तेजी. अर्थशास्त्रात याला कोळिष्टकाची उपमा आहे. त्यात अडकणाऱ्याला शेजारच्या शिवारात काय पेरले जातेय, हेही धड ठाऊक नसते.

साठा करणारा प्रत्येक जण नफेखोर, हे मला पटत नाही. सुगीत कुणी उचलून ठेवले तरच टंचाईच्या महिन्यांत माल मिळतो. मात्र बोली लावणारे दोघे-तिघेच असतील, तर मागणी-पुरवठ्याचे नाव घेऊन भाव पाडला जातो. तिथे खरेदीदार वाढवा.

पेऱ्याचे आणि शिल्लक साठ्याचे आकडे पेरणीआधी गावोगाव पोचवा. आयात-निर्यातीचे धोरण तेव्हाच सांगा आणि माल विकून होईपर्यंत बदलू नका. गोदामातल्या मालावर वेळेत कर्ज द्या, म्हणजे शेतकऱ्याला लिलावातून ढीग परत नेता येईल.

आपला,
एक शेतकरी