‘नाही’ आणि ‘पाहिलं नाही’

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून एकटाच मोठ्यानं हसलो. ‘इतकी वर्षं मी वर्गात सत्तामीमांसा शिकवली, त्यानं कुणाचं बिघडलं नाही की सुधारलं नाही. आता तीच डास मारायला निघाली म्हणतोस?’ चूक माझीच. फोनवर घाईघाईत ‘सध्या ऑन्टोलॉजी बांधतोय’ एवढंच म्हणालो आणि विषय बदलला. तुला त्यात तुझी सत्तामीमांसाच, म्हणजे ‘काय आहे नि काय नाही’ याचं तत्त्वज्ञान, ऐकू येणार हे उघड होतं. खरं तर याच विषयावर तुझ्याशी भांडायचंय. मी जिथे अडलोय तिथे संगणकवाल्यांचा उपयोग नाही, तुझाच आहे. पत्र लांबणार, बैठक मारून वाच.

आधी काम काय ते सांगतो: डेंग्यू, हिवताप असे डासांनी पसरणारे आजार आटोक्यात ठेवायचे. रुग्णालयांकडून तापाचे रुग्ण कळतात, प्रयोगशाळेतून रक्ताचे अहवाल येतात, घरोघर फिरणारे लोक टाक्या, पिंपं, टायर तपासून अळ्यांची नोंद करतात, शिवाय पाऊस आणि तापमानाचे आकडे असतात. हे सगळं एकत्र करून ‘उद्या सकाळी पथक कुठे पाठवायचं, आणि फवारणीला की अळीनाशक टाकायला’ याचं उत्तर सुचवणारी यंत्रणा म्हणजे निर्णय साहाय्य प्रणाली. ‘सुचवणारी’ हा शब्द मुद्दाम वापरलाय, त्याकडे शेवटी येतो.

लोकांना वाटतं यातला अवघड भाग गणिताचा. गणित जुनंच आहे रे. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, आणि पुढे प्रसाराची समीकरणंही मांडली. १९५०च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी त्याच वाटेनं जाऊन दाखवलं की डासांची संख्या कमी करण्यापेक्षा पूर्ण वाढ झालेल्या डासाचं आयुष्य थोडं कमी केलं तर फायदा कितीतरी जास्त. कारण हिवतापाचा जंतू डासाच्या अंगात तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस घेतो, आणि बरेच डास तेवढे जगतच नाहीत. जे म्हातारे होतात तेच घातक. (हे आपल्या दोघांना लावून घेऊ नकोस.)

आम्हाला घोर लावला तो शब्दांनी. ‘केस’ हा एक शब्द घे. रुग्णालयाची केस म्हणजे लक्षणांवरून संशय आलेला माणूस. प्रयोगशाळेची केस म्हणजे ज्याच्या रक्तात काही सापडलं तो. फिरणाऱ्या पथकाची केस म्हणजे ते घर. एकच तापलेला माणूस तीन याद्यांत तीनदा बसतो आणि नकाशावर साथ उगवते. हिवतापात तर आणखी गंमत. व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. मग हा ताप नव्या डासाचा की जुन्या जंतूचा? पहिला असेल तर पथक धाडायचं, दुसरा असेल तर औषधाचा कोर्स नीट झाला का ते बघायचं. नोंदीत मात्र दोन्ही एकाच नावानं पडलेले असतात.

डेंग्यूचं असंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७च्या वर्गीकरणात डेंग्यू ताप, रक्तस्रावी ताप आणि शॉक सिंड्रोम असे कप्पे होते. २००९ साली ते मोडून ‘धोक्याच्या लक्षणांविना’, ‘धोक्याच्या लक्षणांसह’ आणि ‘तीव्र’ असे नवे कप्पे केले. आता आधीचे आणि नंतरचे आकडे एका आलेखात जोडायचे कसे? सरळ बेरीज केलीस तर आजार बदलला की व्याख्या बदलली हेच कळत नाही. जाता जाता, ‘डेंग्यू शॉक सिंड्रोम’चं इंग्रजी लघुरूप डीएसएस, आणि आमच्या यंत्रणेचंही (डिसिजन सपोर्ट सिस्टिम) डीएसएस. एका बैठकीत मी ‘डीएसएस वाढवायला हवी’ म्हणालो, तर समोरचे डॉक्टर दचकलेच.

पण नावाच्या घोटाळ्याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट आमच्या पिढीची नाही. युरोपात एक कोडं होतं: काही भागांत हिवताप पसरवणारा म्हणून ठरलेला अ‍ॅनॉफिलीस मॅक्युलिपेनिस डास भरपूर, आणि हिवताप नाही. लोकांनी हवेला, घरांना, राहणीमानाला श्रेय देऊन पाहिलं. १९२६ साली फालेरोनी नावाच्या इटालियन आरोग्य निरीक्षकानं या डासाच्या अंड्यांवरची नक्षी निरखली. ती एकसारखी नव्हती. त्यानं वेगळ्या नक्षीच्या डासांना आपल्या सहकाऱ्यांची नावंही दिली. पुढे उलगडलं की ज्याला आपण एक डास म्हणत होतो ते दिसायला जवळपास सारखे अनेक वेगळे डास होते. काहींना माणसाचं रक्त आवडे, काही गुरांवरच भागवत. म्हणजे कोडं डासात नव्हतंच, एका नावाखाली अनेक वस्तू कोंबल्या होत्या. तू म्हणशील, हे तर मी पहिल्याच तासाला सांगतो. सांगत असशील, पण तेव्हा आम्ही मागच्या बाकावर झोपलेले असू.

तर ऑन्टोलॉजी म्हणजे हा कोंबाकोंबीचा उपाय. प्रत्येक संकल्पनेला एक ओळख क्रमांक, एक व्याख्या, आणि इतरांशी तिचं नातं, तेही यंत्राला वाचता येईल असं. डेल्टामेथ्रिन ‘हे एक’ पायरेथ्रॉइड (कीटकनाशकांचं एक कुळ) आहे. अळी ही डासाच्या आयुष्यातली ‘एक अवस्था’ आहे. एडिस इजिप्ती हा डास डेंग्यूचा विषाणू ‘वाहून नेतो’. साधी वाक्यं. पण एकानं वहीत ‘डेल्टामेथ्रिन’ लिहिलं आणि दुसऱ्यानं नुसतंच ‘पायरेथ्रॉइड’, तरी यंत्र दोघांची गाठ घालून देतं. मग त्यावर नियम बसवता येतात. कीटकनाशकाच्या चाचणीत ९८ टक्के किंवा जास्त डास मेले तर औषध लागू पडतंय, ९० टक्क्यांच्या खाली मेले तर प्रतिकार पक्का, मधलं असेल तर पुन्हा तपासा, ही जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी. एखाद्या भागात डेल्टामेथ्रिनला प्रतिकार पक्का ठरला, तर त्याच कुळातलं दुसरं औषध मागवणाऱ्याला यंत्र तिथल्या तिथे हटकतं. किंवा डास एडिस असेल आणि कुणी मध्यरात्रीची धुरळणी ठरवली, तर विचारतं: हा दिवसा चावणारा डास, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी उडणारा, रात्री धूर कुणासाठी?

सगळं आम्ही शून्यातून करत नाही. प्रतिकारासाठी मिरो, हिवतापासाठी आयडोमल, डेंग्यूसाठी आयडोडेन अशा ऑन्टोलॉजी आधीच झालेल्या आहेत. आयडोमल आणि आयडोडेनच्या तळाशी जो पाया आहे, त्यात जगाचे दोन मोठे भाग पाडलेत: काळातून टिकून राहणाऱ्या वस्तू आणि काळात घडणाऱ्या घटना. डास, टाकी, जंतू एकीकडे. चावणं, संसर्ग, फवारणी दुसरीकडे. मला तुझे वैशेषिक आठवले, जगातल्या सगळ्याची वर्गवारी लावणारे ते जुने दार्शनिक. द्रव्य आणि गुण एका बाजूला, कर्म दुसऱ्या बाजूला. अगदी तसंच नाही, ठाऊक आहे, लगेच पेन उचलू नकोस.

उचलायचंच असेल तर पुढच्यासाठी उचल. वैशेषिकांनी त्या वर्गवारीत सातवा पदार्थ, म्हणजे सातवा वर्ग, मानला: अभाव, म्हणजे नसणं. मी तेव्हा तुझी थट्टा केली होती, ‘नसलेल्या वस्तूला पदार्थ कसा म्हणता?’ म्हणून. ते शब्द मी मागे घेतो.

झालं असं. एका ठिकाणी आमचा नकाशा बसवला. अळ्या जास्त तिथे लाल, नसतील तिथे हिरवा. सगळे खूश. एक पट्टा आठवड्यामागून आठवडे हिरवागार. आणि ताप नेमका तिथूनच यायला लागला. यंत्रणेवर शंका, मग प्रयोगशाळेवर शंका, मग एकमेकांवर. शेवटी मी मूळ वह्या मागवल्या. त्या पट्ट्यातले रकाने कोरे होते. तिथे कुणी गेलंच नव्हतं. कोऱ्या रकान्याला आमच्या प्रोग्रामनं शून्य मानलं आणि शून्याला हिरवा रंग दिला. ती ओळ मीच लिहिली होती. त्या रात्री झोप लागली नाही हे वेगळं सांगायला नको.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती या दर्शनांचे लोक अनुपलब्धीला, म्हणजे न दिसण्याला, ज्ञानाचं प्रमाण मानतात, हे तूच शिकवलंस. पण अटीसह: वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. योग्य अनुपलब्धी! आमचा हिरवा पट्टा म्हणजे अंधारातला घडा. गमतीची गोष्ट अशी की ऑन्टोलॉजीच्या भाषेत हे आधीपासून पाळलेलं असतं. तिथे एखादी गोष्ट सांगितलेली नसेल तर ती खोटी धरत नाहीत, अज्ञात धरतात. साधे डेटाबेस उलट वागतात, यादीत नाही म्हणजे नाहीच. आम्ही शहाणी भाषा घेतली आणि रंग भरताना अडाणीपणा केला.

मग मी न्यायदर्शनवाल्यांचे चार अभाव, म्हणजे नसण्याचे चार प्रकार, काढून बसलो आणि रात्रभर ते डासांना लावत राहिलो. बघ पटतं का. टाकी कोरडी आहे, पण कडेला एडिसची अंडी चिकटलेली आहेत, ती पाण्याविना महिनोन्‌महिने टिकतात. अळी नाही, पण पाणी पडलं की होणार: प्रागभाव. अळीनाशक टाकलं, होत्या त्या मेल्या: प्रध्वंसाभाव. झाकण पक्कं बसलेली टाकी, जिथे डास शिरूच शकत नाही: अत्यंताभाव, निदान झाकण शाबूत असेपर्यंत. अळी आहे पण ती क्युलेक्स या दुसऱ्या डासाची, एडिसची नाही: अन्योन्याभाव. हसू नकोस, चारही ठिकाणी पुढचं काम वेगळं आहे. पहिल्या टाकीची कड घासायची, दुसरीकडे काही दिवसांनी परत जायचं, तिसरी सोडून द्यायची, चौथीसाठी डेंग्यूचं पथक धाडायचं नाही. आणि वहीत चारही ठिकाणी एकच आकडा: शून्य.

पण अडलं इथे. ‘अज्ञात’ म्हणून सगळं मोकळं ठेवलं तर यंत्र काही सुचवतच नाही, आणि पथकाला सकाळी निघायचं असतं. चीननं हिवताप संपवताना १-३-७ असा नियम केला होता: एका दिवसात रुग्णाची नोंद, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या जागेवर उपाय. २०२१ साली देश हिवतापमुक्त जाहीर झाला. त्या नियमाची ताकद मला गणितापेक्षा घड्याळात दिसते, अज्ञाताला किती दिवस अज्ञात राहू द्यायचं हे तो ठरवून टाकतो. आमच्याकडे मी तूर्त एवढंच केलंय की अज्ञात भाग करडा दिसतो आणि फवारणीच्या यादीत न जाता तपासणीच्या यादीत सगळ्यात वर जातो. औषध नाही, माणूस पाठवा.

आणि प्रत्येक सूचनेखाली कारण छापतो: अमुक नोंद, अमुक नियम, म्हणून हे. याचा फायदा पहिल्याच आठवड्यात दिसला. पथकाचे एक जुने प्रमुख कागद वाचून म्हणाले, ‘नियम बरोबर आहे साहेब, पण ती टाकी महिन्यापूर्वी फोडली.’ कारण छापलं नसतं तर ते नुसतं मान हलवून गेले असते, आणि आम्ही त्या नसलेल्या टाकीवर लक्ष ठेवून बसलो असतो. म्हणून ‘सुचवणारी’. त्यांची दुरुस्तीही आता नोंद म्हणून जाते, त्यांच्या शब्दांत.

आता तुझ्याकडे मागणं. वहीतले रकाने मी असे केलेत: ‘पाहिलं, सापडल्या’; ‘पाहिलं, नाहीत’; ‘गेलोच नाही’. चौथ्यावर वाद चाललाय: बंद घर. पथक गेलं, दार ठोठावलं, कुलूप. हे ‘गेलोच नाही’त टाकावं, तर पथकाची मेहनत पुसली जाते आणि ते लोक रागावतात, शिवाय पुन्हापुन्हा बंद असणारं घर ही स्वतःच एक माहिती आहे, कारण आत साठलेलं पाणी कुणी ओतत नसतं. स्वतंत्र रकाना केला तर त्याची व्याख्या काय लिहू? प्रयत्न झाला, उपलब्धी नाही, अनुपलब्धीही योग्य नाही. तुमच्या कुठल्या आचार्यानं कुलूपबंद दारासमोर उभं राहून विचार केलाय का? येत्या सोमवारी रकाने पक्के करायचे आहेत. त्याआधी दोन ओळी पाठव, शिव्या घालून पाठवल्यास तरी चालेल.

तुझाच,
मागच्या बाकावरचा