किती कुप्या शिल्लक आहेत, हे विचारल्याबद्दल

माननीय आमदार साहेब,
सादर नमस्कार.

आपला मतदारसंघ वेगळा, घरची भाषा कानडी. तरीही बेळगावच्या अधिवेशनात खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांचे प्रश्न आपण नावानिशी मांडलेत. त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे जाहीर पत्र. मराठीत लिहिलं आहे, कानडी प्रत सोबत जोडली आहे.

हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधचं उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी झालं. तिथल्या हिवाळी अधिवेशनात उत्तर कर्नाटकावर चर्चा होतेच. पण ती बहुधा अनुशेष आणि अन्याय या दोन शब्दांतच फिरत राहते. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं. ‘परिशीलनेयल्लिदे’, म्हणजे ‘विचाराधीन आहे’, हा शब्द सीमाभागात कानडी न येणाऱ्या म्हाताऱ्यालाही पाठ आहे. आपण असे प्रश्न विचारलेत की तो शब्द उत्तरात बसेना.

सर्पदंशाचंच घ्या. ‘लस पुरेशी आहे का?’ एवढंच विचारलं असतं, तर ‘पुरेसा साठा आहे’ या तीन शब्दांत विषय संपला असता. आपण विचारलंत की तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आज किती कुप्या आहेत, त्यांची मुदत कधी संपते आणि रात्री ती लस देणारा डॉक्टर तिथे मुक्कामाला असतो का. हा फरक जीव वाचवणारा आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कुणाचंही विष अंगात भिनलं, तर पहिल्या डोसलाच आठ ते दहा कुप्या लागतात. कपाटात पाच कुप्या असलेलं केंद्र कागदावर ‘साठा उपलब्ध’ असतं, आणि एका माणसालाही पुरत नाही. शिवाय लसीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, तेव्हा अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी भरून ठेवावं लागतं. म्हणूनच केंद्रात एकट्या नर्सबाई असल्या की रोग्याला पुढे पाठवलं जातं आणि वाटेत वेळ जातो. दोष त्यांचा नाही.

पातळ लसीऐवजी भुकटीच्या कुप्या ठेवण्याबद्दलचा आपला उपप्रश्न तर ज्याने हे काम जवळून पाहिलंय त्यालाच सुचावा असा होता. पातळ लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. पावसाळ्यात झाड तारेवर पडून वीज गेली की फ्रिज नुसतं कपाट होतं, आणि साप चावण्याचे दिवसही तेच. भुकटीची कुपी फ्रिजशिवाय टिकते. देताना तिच्यात दहा मिली निर्जंतुक पाणी घालून कुपी दोन तळव्यांत हळू फिरवायची. घाईने हलवली तर नुसता फेस होतो. दहा कुप्या अशा तयार करायला दोन माणसं लागतात, हेही नेमणुका ठरवताना मोजायला हवं. आणखी एक गोष्ट पुढच्या वेळी जरूर विचारा. आमच्या रानातल्या चापडा जातीच्या सापाच्या विषावर ही लस चालत नाही. तिथे लक्षणं ओळखून उपचार करणारा माणूसच लागतो, त्यामुळे तालुक्यातल्या डॉक्टरांना त्याचं प्रशिक्षण मिळालं का, हे कुप्यांइतकंच महत्त्वाचं आहे. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंश हा अधिसूचित आजार ठरवला. दंश असो वा मृत्यू, त्याची नोंद कळवणं तेव्हापासून बंधनकारक आहे. म्हणजे तालुकावार आकडे मागितले तर ‘माहिती गोळा करत आहोत’ म्हणायला वाव नाही.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्तोली या भागातून रोगी उचलून आणावा लागतो तो ओढ्यावर धड साकव नाही म्हणून, आणि रस्त्याची फाईल ‘वनखात्याची परवानगी नाही’ या शेऱ्यावर अडते म्हणून. आपण थेट २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) पुढे केलंत. त्या कलमात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, विजेच्या तारा, पाण्याची पाइपलाइन, रस्ता अशा तेरा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. याच कायद्याच्या व्याख्येत वनजमीन म्हणजे अभयारण्यंही येतात.

हिशोब अगदी साधा आहे. तीन मीटर रुंदीचा रस्ता धरला तर सुमारे तीन किलोमीटर तीनशे मीटरला एक हेक्टर भरतो. साडेपाच मीटरचा आराखडा केला की एक किलोमीटर आठशे मीटरलाच मर्यादा संपते आणि प्रस्ताव १९८० च्या वनसंवर्धन कायद्याच्या लांब वाटेला लागतो. बरेच प्रस्ताव इथेच फसतात. रुग्णवाहिका जाण्यापुरता रस्ता मागायचा तर आराखडाही तेवढाच हवा. आणि ग्रामसभेच्या ठरावात ‘रस्ता व्हावा’ एवढं लिहून भागत नाही. सर्व्हे नंबर, लांबी, रुंदी आणि झाडांची मोजणी लागते. या गावांच्या पुनर्वसनाची चर्चा सुरू असते, पण जायचं की राहायचं हे गावकऱ्यांच्या संमतीने ठरेपर्यंत तिथे राहणाऱ्या बाळंतिणीला दवाखान्यात पोचता आलं पाहिजे. हे वाक्य आपण सभागृहात ठामपणे मांडलंत, याचं आम्हांला फार मोल आहे.

नळाच्या पाण्याबद्दल थोडक्यात. जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटर हे माप आहे. ‘किती जोडण्या दिल्या’ याऐवजी ‘एप्रिल आणि मेमध्ये किती दिवस पाणी आलं’ असं आपण विचारलंत, आणि खरी स्थिती तिथेच उघडी पडते. तोट्या बसल्या आहेत. विहीर किंवा बोअर उन्हाळ्यात आटते, तेव्हा काय हे ठरलेलं नाही.

एसटीच्या प्रश्नात मात्र एक गोष्ट राहिली, ती स्पष्टच सांगतो. कर्नाटकाच्या परिवहन महामंडळाकडे आपण बसगाड्यांची संख्या मागितलीत. गाड्या वाढल्या तरी वस्तीची गाडी बंदच राहू शकते, कारण तिला चालक-वाहकांची रात्रीची झोपायची सोय लागते आणि सकाळी सहाची फेरी एकीकडूनच भरून जाते. म्हणून मागायचं ते असं: आगारवार, महिन्यातल्या ठरलेल्या फेऱ्या किती, प्रत्यक्ष धावल्या किती, आणि रद्द झालेल्या प्रत्येक फेरीचं कारण काय. चालक नाही, गाडी नाही, बिघाड की रस्ता? बायकांच्या मोफत प्रवासाच्या ‘शक्ती’ योजनेत त्यांना शून्य रकमेचं तिकीट फाडून दिलं जातं, त्यामुळे कुठल्या फेरीला किती माणसं चढली याचीही नोंद महामंडळाकडे असते. ‘त्या मार्गावर प्रवासी नाहीत’ असं उत्तर आलं तर तीच नोंद मागावी.

मंत्री सभागृहात ‘करतो’ म्हणाले, की विधिमंडळाच्या सरकारी आश्वासन समितीला त्याचा पाठपुरावा करता येतो. कुप्या आणि रस्ता ही दोन्ही आश्वासनं समितीपुढे जातील एवढं आपण पाहावं, ही विनंती. आमच्या बाजूने गावोगाव एक वही ठेवली आहे. तिच्यात चारच रकाने आहेत: तारीख, फेरीची वेळ, गाडी आली की नाही, आणि आगाराने सांगितलेलं कारण. जून ते सप्टेंबरची पानं कानडी भाषांतरासह ऑक्टोबरअखेर आपल्या कार्यालयात आणून देऊ. ग्रामसभांचे ठराव मोजणीसह त्याच वेळी मिळतील.

आपले नम्र,
खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील ग्रामस्थ