खडूने लिहिलेल्या १८ बद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझे नाव तुम्हाला आठवणार नाही, कारण त्या आठवड्यात तुम्ही मला 'बोरिवलीच्या ताई' म्हणत होतात आणि माझ्या दोन्ही चाकांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवरही तेवढेच लिहिले होते. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोन हातांत सायकलची दोन चाके घेऊन, घामाने निथळत परळच्या तुमच्या टायरदुरुस्तीच्या गाळ्यापाशी आलेली आणि आल्या आल्या 'होणार असेल तरच हो म्हणा' असे तिरसटपणे बोललेली बाई ती मी. त्या तिरसटपणाची माफी मागायची राहून गेली, ती आधी मागते. पत्र उघडे लिहिते आहे, कारण तुमच्याबद्दल चार लोकांना कळावे असे मला फार वाटते. मात्र तुमचे नाव आणि गाळ्याचा पत्ता तुमच्याच सांगण्यावरून लिहीत नाही. 'गर्दी झाली की हात घाई करतो,' असे तुम्ही म्हणाला होतात.

तो तिरसटपणा तुमच्यासाठी नव्हता, आधीच्या तीन महिन्यांचा साठलेला होता. मी पन्नाशीची शिक्षिका, गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी पहाटे माउंटन बाइक घेऊन नॅशनल पार्कात कान्हेरीचा चढ, कधी आरे, कधी येऊर असे फिरते. मुंबई-ठाण्यातल्या या तिन्ही हिरव्या जागांवर माझा जीव आहे आणि तिथल्या काट्यांचा माझ्या ट्यूबवर. एका उन्हाळ्यात अकरा पंक्चर मोजल्यावर मी मोजणे सोडले. काटा नसला तर दगड होताच. हवा ४० पौंडांच्या खाली ठेवली की दगडावर चाक आपटताच ट्यूब रिममध्ये चिमटली जाई आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडत, आणि ४० ठेवली की प्रत्येक खडा मनगटात वाजे. चाके ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूबच नसलेली, करून घेतली की हवा २२-२५ पौंडांवर आणता येते, टायर जमिनीला धरून चालतो आणि बारीकसारीक काट्यांची भोके आत ओतलेला चिकट द्रवच बुजवतो, हे मला ठाऊक होते. माझ्या रिमवर आणि टायरवर 'ट्यूबलेस रेडी' असे छापलेलेही होते. टायर तयार होते; तयार नव्हते ते दुकान.

त्या दुकानाचे नाव मी लिहिणार नाही. काचेचे दार, आत गारवा, भिंतीवर लाखालाखाच्या सायकली. तिथला माणूस पहिल्या दिवसापासून माझ्याशी न बोलता माझ्या भाच्याशी बोलत असे, आणि माझ्या भाच्याला सायकल चालवता येत नाही. 'हो जाएगा, टेन्शन नहीं,' एवढेच काय ते ठाम उत्तर. चाके मिळाली तेव्हा दगडासारखी टणक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ. परत नेली, परत टणक मिळाली, परत मऊ झाली. तिसऱ्या खेपेला त्यांनी दोष टायरवर ढकलला आणि नवा टायर माझ्या गळ्यात मारला. घरी बाल्कनीत चाक टांगले होते, त्याच्या स्पोकच्या मुळाशी मला दुधासारखे पांढरे थेंब दिसले. बोट लावले तर चिकट. मी फोटो पाठवला, तर उत्तर आले की ते नॉर्मल आहे, सेट होईल.

ते जिथे सेट झाले ती जागा म्हणजे आरे कॉलनी, पहाटेचे पावणेसहा. पुढचे चाक रिमवर बसले. पंप मारून हवा राहीना, जवळची ट्यूब घालायला टायर काढावा तर आतला सगळा द्रव हातावर आणि कपड्यांवर. आरेमध्ये बिबट्या असतो हे आपण सगळे हसत हसत सांगतो. त्या अंधारात सायकल ढकलत हमरस्त्यापर्यंत चालताना मला अजिबात हसू आले नाही. डोंगरी सायकलींसाठी बिनट्यूबच्या चाकाची पद्धत माविक, हचिन्सन आणि मिशेलिन या फ्रेंच कंपन्यांनी मिळून १९९९ साली बाजारात आणली. पाव शतक उलटून गेलेल्या तंत्राने मुंबईत माझ्यावर ही वेळ यावी, याचा राग डोक्यात घेऊनच मी तुमच्याकडे आले होते. लोकलच्या महिला डब्यात दोन चाके मांडीवर घेऊन बसलेल्या मला समोरच्या बाईंनी 'सायकल कुठे आहे?' असे विचारले, तेव्हा मी त्यांच्यावरही खेकसले असते; प्रभादेवी आले म्हणून त्या वाचल्या.

तुम्ही माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलेत. 'बसच्या आगारात एकतीस वर्षं टायरचं काम केलं, पण सायकलची ट्यूबलेस चाकं आजवर सातच केली आहेत, त्यातली दोन फसली,' असे तुम्ही म्हणालात. गेल्या तीन महिन्यांत मला कुणी सांगितलेला तो पहिला खरा आकडा होता. मग तुम्ही टायर उतरवलात आणि आत पाहून काही बोलला नाहीत, नुसते चाक माझ्या हातात दिलेत. रिमच्या खाचेत खोकी बंद करायची साधी चिकटपट्टी लावलेली होती, तीही खाचेपेक्षा अरुंद. स्कूटरच्या ओतीव चाकाला स्पोकची भोके नसतात म्हणून तिथे ट्यूबलेसचे काम सोपे; सायकलच्या रिमला प्रत्येक स्पोकसाठी एक अशी ३२ भोके, आणि ही सगळी त्या एका पट्टीने हवाबंद राहायची असतात, हे तुम्ही मला तिथल्या तिथे बोट ठेवून दाखवलेत. पट्टीच्या कडेने आत गेलेला द्रवच स्पोकच्या मुळाशी बाहेर येत होता. माझे ते नॉर्मल पांढरे थेंब.

तुम्ही काय काय केलेत ते इथे सांगत बसत नाही. ज्यांना करून घ्यायचे आहे त्यांनी चांगला कारागीर शोधावा. एक मात्र सांगायलाच हवे. नवी रुंद पट्टी ताणून बसवल्यावर तुम्ही मला स्टूल दिलेत आणि 'ताई, आता अंगठा तुमचा. प्रत्येक भोकावर दाबून फिरवा, घाई नको,' असे म्हणालात. प्रत्येक भोकाशी पट्टी खळगा घेऊन बसत गेली तशी ती जागा अंगठ्याला कळत होती. माझ्याच चाकाला माझा हात लागावा, असे त्या काचेच्या दुकानात कुणाला सुचले नव्हते. पुढे शेजारच्या गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर व्हॉल्व्हची पिन काढून एकदम हवा सोडलीत, आणि टायरच्या कडा रिमवर फट्ट, फट्ट अशा चढल्या तेव्हा समोरच्या चाळीतले एक तान्हे बाळ रडू लागले आणि तुम्ही वर पाहून त्याच्या आईला हात जोडलेत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते. चाके रात्रभर ठेवून घेतो म्हणालात. शाळेला सुट्टी होती म्हणून मी सोमवारी सकाळी दहालाच हजर झाले. दोन्ही चाके खिळ्यांना टांगलेली होती आणि काळ्या टायरवर, फळ्यावर लिहावे तसे, पांढऱ्या खडूने रात्रीच्या आणि सकाळच्या हवेचे आकडे लिहिलेले होते. मागच्या चाकावर: 'रा. ९ — ३०', खाली 'स. ७ — २८'. पुढच्या चाकावर: 'रा. ९ — ३०', खाली 'स. ७ — १८'. त्या १८ भोवती तुम्ही गोल केला होता.

मी त्या आकड्याकडे पाहत उभी राहिले. सकाळी सातला तुम्हाला कळले होते की पुढचे चाक फसले. मी दहाला येणार हेही माहीत होते. पंप भिंतीला टेकून उभा होता. बारा पौंड हवा भरायला माणसाला एक मिनिट लागत नाही, आणि भरली असतीत तर मी टणक चाक दाबून पाहून, पैसे देऊन, तुमचे आभार मानून गेले असते, आणि दुसऱ्या दिवशी चाक बसले तरी कुठल्या तरी काट्याला दोष देता आला असता. माझ्याबरोबर तीन वेळा तेच झाले होते, फक्त तेव्हा टायरवर खडू नव्हता. तुम्ही तो १८ तसाच ठेवलात, आणि मी काही विचारायच्या आत म्हणालात, 'व्हॉल्व्हच्या बुडाचं रबर गोल घातलं, तुमच्या रिमला निमुळतं हवं होतं. माझं चुकलं. आज परत करतो, त्याचे पैसे नाहीत.' आणि साबणाचे पाणी लावून व्हॉल्व्हच्या नटाखालून निघणारे बुडबुडे मला दाखवलेत. एकामागून एक, मोहरीएवढे, फुटायचे आणि पुन्हा यायचे.

मी २६ वर्षे गणित शिकवते. ३० पैकी १८ म्हणजे आमच्याकडे प्रथम श्रेणी, हा विनोद मी तेव्हा केला आणि तुम्ही हसलात, पण खरे सांगायचे तर मला बोलता येत नव्हते म्हणून मी विनोद केला होता. उत्तर चुकले की पोरे ते खोडतात, त्यावर शाई सांडवतात, पान फाडतात. आणि एखादीच मुलगी चुकलेल्या ओळीला स्वतःच गोल करून 'इथे चुकले' असे लिहून वही पुढे करते. तशा मुलीला मी कधी पुरेसे शाबास म्हटले आहे का, हा विचार त्या दिवशी परतीच्या गाडीत बोरिवलीपर्यंत माझ्यासोबत होता.

अशी माणसे या शहरात नाहीत असे मी म्हणणार नाही. आमच्या बाजारातली कोळीण 'बाय, आज पापलेट नको नेऊ, कालचं हाय' असे सांगून मला रिकाम्या पिशवीने परत पाठवते, आणि म्हणूनच मी गेली पंधरा वर्षे दुसऱ्या कुणाकडे गेले नाही. माझा शिंपी उरलेले वीतभर कापड ब्लाउजच्या घडीत ठेवून देतो. ही माणसे फार बोलत नाहीत, त्यांच्या भिंतीवर 'ग्राहक हाच देव' अशी पाटीही नसते, आणि ग्राहकाला देव मानण्याची गरज त्यांना पडतही नसावी. समोर आलेले माणूस आहे एवढे त्यांना पुरते. काचेच्या दुकानातही एखादा असा असेल. त्याच्या हातात खडू दिलेला नसेल.

मंगळवारी सकाळी पुढच्या चाकावर दुसरी जोडी लिहिलेली होती: 'रा. ९ — ३०', 'स. ७ — २९'. तुम्ही जुना १८ पुसला नव्हता. नवा आकडा त्याच्या शेजारी लिहिला होता. पैसे किती घेतलेत ते लिहिले तर लोक विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून सोडून देते.

पहिला पाऊस झाल्यावर मी येऊरला गेले. पुढे २२, मागे २४. ओल्या मुळांवरून चाक घसरेल या भीतीने आजवर जिथे उतरून चालत असे, तिथून मी न उतरता गेले. परतताना चहाच्या टपरीवर थांबले तर पुढच्या टायरमध्ये बाभळीचा काटा, चांगला इंचभर, आडवा घुसलेला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तो उपटला, भोक खाली येईल असे चाक फिरवले. सूं असा आवाज, चार पांढरे शिंतोडे माझ्या नडगीवर, आणि मग शांत. चहा संपेपर्यंत त्या जागी एक पांढरा ठिपका वाळून बसला होता. काटा मी रुमालात बांधून आणला आहे. तुम्हाला दाखवायचा आहे.

खडूचे आकडे पावसात वाहून गेले. रिमवर तुम्ही चिकटवलेला 'ऑगस्टअखेर द्रव बघणे' हा कागद अजून आहे, कारण आपल्याकडच्या उकाड्यात तो अडीच-तीन महिन्यांत आळतो असे तुम्ही बजावले होते. मी मात्र गणपतीच्या आधीच येऊन जाईन. एकदा मांडव सजले की लालबाग-परळच्या गर्दीतून दोन चाके घेऊन तुमच्या गाळ्यापर्यंत पोचणे माझ्याने होणार नाही. येताना शाळेतल्या पांढऱ्या खडूंची एक पेटी आणते. तुमच्या खिशातला तुकडा नखाएवढा उरला होता.

आपली नम्र,
बोरिवलीच्या ताई