आबांची निधनवार्ता सापडली

आर्वी तालुका, जि. वर्धा

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या आबांची निधनवार्ता अखेर सापडली. साल ठाऊक नसताना जुने वर्तमानपत्र धुंडाळणे म्हणजे कापसाच्या गंजीत सरकी मोजण्यासारखे आहे, असे मी तुला फोनवर म्हणालो होतो. परंतु काकूंच्या एका वाक्याने काम पुष्कळ सोपे केले. आबा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेले आणि त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, एवढेच त्यांना आठवत होते. अधिक श्रावण बहुधा एकोणीस वर्षांनी फिरून येतो. २०२३ साली तो होता, त्यावरून मागे जात २००४, १९८५ आणि १९६६ ही साले निघाली. तुझ्या बाबांचे वय पाहता १९६६ हेच साल जुळत होते.

पहिल्या वाचनालयात निराशा झाली. तिथल्या जुन्या फायली जागेअभावी रद्दीत गेल्या होत्या, आणि हे सांगणाऱ्याला त्याचे काही वाटतही नव्हते. दुसऱ्या ठिकाणी मात्र ग्रंथपालांनी माळ्यावरून नागपूरच्या एका दैनिकाच्या बांधीव फायली स्वतः उतरवून दिल्या. कडांना कसर लागलेली, कागद इतका ठिसूळ की पान उलटताना खाली पुठ्ठा धरावा लागे. बांधणी घट्ट असल्यामुळे आतल्या बाजूचा स्तंभ शिवणीत दबला होता, आणि नेमक्या त्याच स्तंभात खेड्यापाड्यांच्या बातम्या येत.

त्या वर्षी तान्हा पोळा १५ सप्टेंबरला होता, म्हणून मी १६ तारखेपासूनचे अंक पाहू लागलो. आठवडाभरात काहीच नव्हते. तेव्हा गावच्या वार्ताहराचे पत्र टपालाने जाई आणि जागा मिळेल त्या दिवशी छापले जाई, हे ध्यानात घेऊन मी पुढे पाहत राहिलो, आणि २३ सप्टेंबरच्या अंकात पाच ओळी मिळाल्या. त्यात तारीख नाही, केवळ ‘गेल्या गुरुवारी’ एवढेच आहे. १५ आणि २२ हे दोन्ही गुरुवारच, त्यामुळे क्षणभर मी थबकलो. पण शेवटच्या ओळीने शंका फेडली. गावाने त्या दिवशी तान्हा पोळा भरवला नाही, असे तीत लिहिले आहे. लाकडी बैल सजवून बसलेल्या पोरांची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, हाच विचार मी परतताना एसटीत करीत होतो.

आबांचे नाव आडनावाने नव्हे, ‘पाटील’ म्हणून छापले आहे. आडनावावर नजर ठेवली असती, तर हुकलोच असतो. वारसाच्या कामासाठी ही बातमी पुरेल असे मात्र धरून चालू नकोस. त्या काळच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असत. तहसील कार्यालयातून आबांच्या नोंदीची नक्कल काढण्यासाठी मी अर्ज दिला आहे, आणि आता नेमकी तारीख हाती असल्याने पाने चाळावी लागणार नाहीत.

पानाचा फोटो सोबत पाठवत आहे. एक गोष्ट काकूंना विचारून कळव. बातमीत ‘पश्चात पत्नी, चार मुलगे व एक मुलगी’ असे आहे. तुझे बाबा धरून मला तर तिघेच भाऊ ठाऊक आहेत.

तुझा,
विनायक