टाकीची किल्ली कोणाकडे?

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची सुरुवातीची प्रकरणं सलग वाचून काढली. २०७१ साल, पाण्याविना ओस पडलेलं शहर आणि त्यातून एकटी बाहेर पडणारी सतरा वर्षांची मीरा. मीरा मला आवडली. आटलेल्या धरणात उघडं पडलेलं जुनं देऊळ तिला दिसतं, तो परिच्छेद तर फार चांगला उतरलाय. पण ती वेस ओलांडून निघाली आणि तिथून पुढे माझं मन लागेना. का, ते नीट सांगायला हवं. तू हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिते आहेस, आणि पुढे आपल्या वाट्याला काय येणार हे ती मुलं अशाच पुस्तकांतून ठरवतात.

तुझ्या गोष्टीत सगळं एका दिवसात कोसळतं. सकाळी नळ कोरडे, दुपारी दंगल, रात्री शहर पेटलेलं. आपलं लातूर असं कोसळलं नव्हतं. नळाचे दिवस लांबत गेले. प्रत्येक वेळी घरात एक ड्रम वाढला आणि आपण त्यालाच सरावलो. कुणी बोअर आणखी खोल नेला, कुणी जार लावला. मांजरा धरणाने तळ गाठला तरी बाजार सुरू होता, लग्नं लागत होती, मुलं परीक्षा देत होती. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली, तेव्हा कुठे लोक म्हणाले की आता अवघड आहे. संकट नेमकं कधी सुरू झालं, हे गल्लीत कुणालाही सांगता आलं नसतं. खरी भीती याची वाटते, आणि ती तुझ्या पहिल्या प्रकरणात यायला हवी.

तू तेव्हा लहान होतीस, म्हणून रेल्वेचं सांगतो. १२ एप्रिलला पहिली पाण्याची गाडी मिरजेहून आली. दहा वाघिणी म्हणजे टाकीचे डबे, साधारण ५ लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, खेपेला २५ लाख लिटर. वर्तमानपत्रांत फोटो आले ते गाडीचे. पण गाडी आल्यावर पुढे काय, हे कुणी फारसं विचारलं नाही. ते पाणी उतरवायचं, शुद्ध करायचं, टँकरमध्ये भरायचं, टँकर कोणत्या वस्तीत आधी जाईल ते ठरवायचं आणि मग घरटी मोजून द्यायचं. या सगळ्याला माणसं लागली आणि वह्या लागल्या.

आपल्या गल्लीची वही माझ्याकडे होती. नंबर कुणाचा, घागरी किती, एवढंच तिच्यात लिहायचं. भांडणं झाली, अगदी हातघाईवर आली. क्लाससाठी आलेली मुलं खोल्या करून राहायची. त्यांची एक खोली म्हणजे एक घर धरायचं की प्रत्येक मुलगा वेगळा मोजायचा? मागच्या चाळीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बायका टँकरच्या वेळी कामावर असायच्या, त्यांचा नंबर कुणी धरायचा? रात्री उशिरापर्यंत आम्ही यावर बोलत बसायचो. शेवटी ठरलं की माणशी मोजायचं, आणि कामावर गेलेल्या बाईच्या घागरी शेजारणीने लावायच्या. काहींना ते पटलं नाही, पण त्यांनी पाळलं.

तुझ्या कादंबरीत हे कुठेच नाही. तहान लागताच माणसं जनावरं होतात, हे तू गृहीत धरलंयस. या प्रकारच्या बहुतेक पुस्तकांत तसंच असतं. सरकार एक तर क्रूर असतं, नाही तर नाहीसं झालेलं. मला हे खोटं वाटतं, आणि ज्या वयात मुलांना पुढे काही करायचं असतं त्या वयात ते त्यांना शिकवणं अन्यायाचं वाटतं. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन शहराने नळ बंद करण्याची तारीखच जाहीर केली होती. माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. तारीख उजाडलीच तर रांगेत माणशी २५ लिटर द्यायचं ठरलं. लोकांनी वापर कमी केला, तारीख पुढे सरकत गेली, मग पाऊस झाला आणि तो दिवस आलाच नाही.

तिथेही आणि इथेही सगळ्यांची तहान सारखी नव्हती, हे मात्र विसरू नकोस. पैसेवाल्याच्या बंगल्यात टँकर विकत यायचा. ज्या वर्षी लातूर रेल्वेच्या पाण्यावर जगलं, त्याच वर्षीच्या हंगामात मराठवाड्यात भरपूर पाणी पिऊन वाढलेला ऊस कारखान्यांत गाळला गेला. पाणी संपतं त्याच्या कितीतरी आधी ते कुणाला द्यायचं हे ठरलेलं असतं. तुझ्या खलनायकाला तलवार कशाला हवी? त्याच्याकडे वाटपाची यादी असली तरी पुरे.

आजीला फोन करून बहात्तरच्या दुष्काळाचं विचार. ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, वाटपाची सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, खायची. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव तिला अजून आठवते. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. काम काढा म्हणून लोक मोर्चे घेऊन जायचे. मागेल त्याला काम, ही मागणी पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात आली. उपाशी माणसांनी काय केलं याचा हा पुरावा आपल्या घरात आहे, आणि तू मीराला चाकू देऊन एकटीला रानात धाडतेस!

त्याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत, म्हणजे पाणी वाटून घेणारी गावकऱ्यांची संघटना, उभी केली. नियम असा की पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. ज्या बैठकीत हे पहिल्यांदा मांडलं गेलं असेल ती डोळ्यांपुढे आण. मोठ्या बागायतीची स्वप्नं पाहणारा एकीकडे आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही नाही तो दुसरीकडे, दोघांचा हक्क सारखा. तुझ्या चौथ्या प्रकरणातल्या मारामारीपेक्षा या बैठकीत जास्त थरार आहे. मीराला तिथे बसव. ती चुकीच्या बाजूने बोलली तरी चालेल, हरली तरी चालेल.

आता तू म्हणशील, बाबा, सभेची इतिवृत्तं कोण वाचणार? मी वाचेन. टँकरमागे हंडा घेऊन धावल्यामुळे जिची शाळा बुडाली ती मुलगीही वाचेल, कारण तिला आपलं जगणं पहिल्यांदाच कुणाच्या तरी गोष्टीत सापडेल.

देवळाच्या परिच्छेदाला हात लावू नकोस. बाकी तुझ्या मनासारखं लिही. फक्त पाचवं प्रकरण सुरू करण्याआधी मला कळव, मीराच्या वस्तीत टाकीची किल्ली कोणाकडे असते आणि ती त्याला कुणी दिली?

तुझे,
बाबा