पंचनामा करणाऱ्याला कोण विचारतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तलाठ्याला कसला आलाय ताण, असे म्हणून काही वाचक हे पत्र इथेच सोडतील. सोडोत. सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्या माणसाकडून सहानुभूतीची अपेक्षा मी तरी करणार नाही. पण मंडळ अधिकारी म्हणून, म्हणजे गावाकडच्या भाषेत 'सर्कल' म्हणून, मराठवाड्यातच नोकरी करून निवृत्त झालो आहे. खात्याची आतली बाजू माहीत आहे. ती आपल्या पत्रातून वरिष्ठांच्या कानावर जावी, एवढ्यासाठी लिहितो आहे.

सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी घ्या. सीना, सिंदफणा, मांजरा पात्र सोडून शेतांत शिरल्या. सोयाबीन काढणीच्या तोंडावर. काही ठिकाणी पिकाबरोबर मातीही वाहून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक गेले (तिघांची पदनामे आता बदलली आहेत, कामे तीच). मदतीचा नियम असा की नुकसान ३३ टक्क्यांच्या वर हवे. ते आहे की नाही, हे बांधावर उभ्या असलेल्या पंचविशीतल्या पोराने लिहायचे. समोर शेतकरी, मागे त्याचे भाऊबंद, हातात मोबाइल आणि त्यावर फोटो काही केल्या चढत नाही. या पोराच्या घरची शेतीही कदाचित त्याच नदीच्या काठाला असते.

रात्री दहाला तालुक्याच्या ग्रुपवर तक्ता येतो. गावनिहाय प्रलंबित पंचनामे, सगळ्यांत मागे असलेला सज्जा, म्हणजे एका तलाठ्याकडची गावे, लाल रंगात. खाली एक ओळ: 'खुलासा सादर करावा.' त्याखाली एकामागून एक 'होय सर', 'होय सर'. मी निवृत्त झालो तरी कुणी ना कुणी मला तो तक्ता अजून पाठवतो, सोबत काही न लिहिता.

याहून जड काम शेतकरी आत्महत्येच्या चौकशीचे. ते तलाठ्याकडेच येते. शासनाची मदत एक लाख रुपये, पैकी ३० हजार हातात आणि ७० हजारांची ठेव. त्यासाठी जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचे, थकलेले होते का, वसुलीचा तगादा होता का, हे सारे कागदावर यावे लागते. घरात तेरावाही झालेला नसतो आणि याने कर्जाचा दाखला मागायचा. प्रकरण पात्र की अपात्र, ते जिल्ह्याची समिती ठरवते. अपात्र ठरले की तो निरोप घेऊन त्या दारात पुन्हा जातो तो तलाठीच.

'प्रेरणा' प्रकल्पात शासनाने आशाताईंना शेतकऱ्यांच्या घरी पाठवून मनाची विचारपूस करायला लावली, ते योग्यच केले. शेतकऱ्याचे दुःख आणि तलाठ्याचा ताण यांची तुलना मी करत नाही, होऊच शकत नाही. पण दुसऱ्याच्या दुःखात ज्यांना रोज पाठवायचे, त्या आशाताईला, त्या तलाठ्याला परत आल्यावर कुणी विचारतो का?

तसे विचारतात. आढावा बैठक संपता संपता साहेब खुर्ची मागे सारत म्हणतात, 'काय मंडळी, कुणाला काही अडचण?' सभागृह गप्प. हात वर कोण करील? विचारणाराच गोपनीय अहवाल लिहिणार, बदलीच्या प्रस्तावावर त्याचीच सही. एखादा नवखा बोललाच तर 'एवढं टेन्शन घ्यायचं नसतं' हे ऐकून खाली बसतो. पुन्हा तो कधी उठत नाही.

माझ्या मंडळात एक तलाठी मॅडम होत्या. काम चोख, दप्तर अद्ययावत. मध्येच त्यांच्या एकाच गावचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, मागे पडू लागले. बाकीची गावे व्यवस्थित. नोटिशीचा मसुदा माझ्या टेबलावर आलेला होता. तो तसाच ठेवला. स्थळपाहणीला निघालो तेव्हा वाटेत टपरीवर थांबलो आणि विचारले, 'मॅडम, कोणत्या गावात जायला नको वाटतं?' का, ते विचारले नाही. बराच वेळ त्या चहावरची साय बोटाने बाजूला करत बसल्या. मग म्हणाल्या, 'सर, त्या बाईला मीच जाऊन सांगितलं, तुमचं प्रकरण बसलं नाही म्हणून. चावडीचा रस्ता तिच्याच दारावरून आहे. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पाणी विचारती.'

मी समुपदेशक नाही. मला जमण्यासारखे होते ते केले. त्या गावचा पदभार काही दिवस शेजारच्या सज्जाकडे द्यावा, असे तहसीलदारांना कळवले. अपात्रतेचा निरोप द्यायला तलाठ्याबरोबर सर्कलने स्वतः जायचे, हे माझ्या मंडळापुरते ठरवून टाकले. त्या बाईचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज मात्र मॅडमनी स्वतः भरून घेतला. तो मंजूर झाल्यावर गाव पुन्हा माझ्याकडेच द्या, असे त्याच येऊन म्हणाल्या. माझ्या बोलण्यापेक्षा त्या अर्जाने त्यांना जास्त हलके वाटले असणार.

म्हणून सांगतो, हाताखालच्या माणसाला मनाचे विचारण्याआधी कामाचे विचारावे. कोणते काम अंगावर येते, कोणत्या माणसाची भीती वाटते, कोणता अहवाल दोन ठिकाणी भरावा लागतो. यांची उत्तरे माणूस देऊ शकतो. 'ताण आहे का' याला 'नाही साहेब' एवढेच उत्तर असते. आणि ऐकल्यावर निदान एक गोष्ट बदलावी. बदलण्यासारखे काहीच हातात नसेल तर ते तोंडावर सांगावे, पण विचारून विसरू नये.

हे माझ्याच डोक्यातले आहे असे नाही. ब्रिटनमध्ये कामगारांची सुरक्षा पाहणारी सरकारी यंत्रणा कामावरच्या ताणाच्या सहा बाजू सांगते: कामाचा बोजा, त्यावरचा आपला ताबा, मिळणारा आधार, आपसांतले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसे राबवले जातात. आमच्या तहसिलीत सहाच्या सहा सापडतील. शेवटच्याचे तर विचारूच नका. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली, मागून ई-पंचनामा, मग शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचे अॅग्रिस्टॅक. सर्व्हर बसला की शिव्या बांधावर तलाठ्याने खायच्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हाताखाली माणसे असणाऱ्यांना याचे प्रशिक्षण द्या असे म्हटले आहे. आमच्याकडे प्रशिक्षण होते ते अॅपचे.

सर्कलने डॉक्टर व्हावे असे माझे म्हणणे नाही. झोप उडालेली, माणूस कुणाशी बोलेनासा झालेला, जगण्यात राम नाही असे शब्द तोंडी आले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मोफत आणि चोवीस तास. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. नुसता नंबर देऊन मोकळे न होता सोबत जावे. खात्यात बोभाटा होईल ही भीती मोठी असते. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे, हे साहेबांनाही माहीत असलेले बरे.

जिल्हा प्रशासनाकडे मागणे फार नाही. आत्महत्येची चौकशी करून आलेल्या तलाठ्याशी आठवड्याच्या आत सर्कलने एकांतात बोलावे. पंचनाम्यांची मोहीम संपली की प्रत्येकाशी बोलावे, आणि त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरला घेऊ नये. नाहीतर त्याचाही तक्ता निघेल, 'संवाद प्रलंबित' म्हणून. रात्रीची यादी सकाळी टाकावी. दहाला ती वाचून कुणी शेतात जात नसतो. १० ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाला व्याख्यान ठेवायचेच तर पुढच्या रांगेत तलाठी बसवू नयेत, अधिकारी बसवावेत. सर्कलला कुणी विचारायचे, तर तहसीलदारांनी. तहसीलदारांना कुणी, ते जिल्हाधिकारी कार्यालयाने ठरवावे.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
जि. धाराशिव